भाग १४ : डिरेक्टरी बंद कोणी करायची?



मागच्या भागात आपण ओपन, रीड, राइट आणि क्लोज ही चार कामं पाहिली. आज सी भाषेतून डिरेक्टरी कशी वाचायची ते बघू. डिरेक्टरी म्हणजे आपण ज्याला रोज फोल्डर म्हणतो तेच. विषय तसा अर्ध्या तासाचा आहे. पण यातल्या एका चुकीपायी मी माझ्या सासऱ्यांचा आवाज जवळजवळ गमावला होता. म्हणून आज ती हकिगत सांगत सांगतच पुढे जातो.

आधी एक सूचना. व्हिडिओत कोड पडद्यावर दिसतो. या पुस्तकात मात्र फंक्शनांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. ‘डिर’ दिसेल तिथे डी-आय-आर ही तीन अक्षरं, ‘एफडी’ दिसेल तिथे एफ आणि डी, आणि ‘ॲट’ दिसेल तिथे ए-टी. सगळं स्मॉल लेटर्समध्ये, मध्ये जागा न सोडता, जोडून.

नाना, म्हणजे माझे सासरे, तरुणपणी गाणं शिकायला लखनौला आले आणि इथलेच झाले. कैसरबागेतल्या ज्या कॉलेजात ते शिकले, ते विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली राय उमानाथ बली यांच्या साथीने सुरू केलं. गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावावरून त्याला मॅरिस कॉलेज म्हणत. पुढे त्याला भातखंड्यांचंच नाव मिळालं. मुंबईचा मराठी माणूस वकिली सोडतो, देशभर हिंडून बंदिशी गोळा करतो आणि कॉलेज काढतो ते लखनौत, याचं मला फौजेत असतानाही अप्रूप वाटायचं. शेवटची पोस्टिंग इथलीच होती. सासुरवाडीही इथली, त्यामुळे निवृत्तीनंतर आम्ही इथेच राहिलो.

नाना गेले तेव्हा घरात तीनशेच्या वर कॅसेट निघाल्या. शिष्यांना शिकवतानाच्या, काही मैफलींच्या. लखनौच्या पावसाळ्याने बऱ्याच टेपांवर बुरशी धरली होती. दोन हिवाळे बसून मी त्या एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या. काही टेप तर वाजवतानाच खिरल्या. त्या पुन्हा वाजणार नाहीत. म्हणजे आता नानांचा आवाज होता तो एका जुन्या हार्ड डिस्कवर, साधारण दीडशे जीबी. भातखंड्यांनी राग दहा थाटांत बसवले, म्हणून मीही दहा डिरेक्टऱ्या केल्या: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. प्रत्येकीत रागांच्या डिरेक्टऱ्या, आणि त्यांत ध्वनिमुद्रणं व वह्यांच्या पानांचे फोटो. हे सगळं नव्या डिस्कवर न्यायचं, मग जुनी डिस्क पुसून नातवाला द्यायची, असा बेत होता.

तुम्ही म्हणाल, सीपी आहे, आरसिंक आहे, प्रोग्रॅम कशाला लिहायचा? बरोबर आहे. पण मला प्रत्येक रागाची वेगळी नोंद हवी होती, आणि निवृत्त माणसाला हाताला काम लागतं.

आता मूळ गोष्ट. डिरेक्टरी ही एक यादीच आहे: नाव आणि त्यापुढे आयनोड नंबर. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ही यादी साध्या फाईलसारखी उघडून वाचायचे. प्रत्येक नोंद १६ बाइटांची, त्यात २ बाइट आयनोडला आणि १४ नावाला. आजच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘लखनौ’मध्ये ल, ख, न आणि औकाराची मात्रा अशी चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. त्या १४ बाइटांत लखनौ बसलं असतं. ‘महाराष्ट्र’ला ३० बाइट लागतात, ते बसलं नसतं. १९८३ च्या ४.२ बीएसडीने २५५ बाइटांपर्यंतची नावं चालू केली. मग नोंदी कमी-जास्त लांबीच्या झाल्या आणि प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने त्या वाचणं धोक्याचं झालं. म्हणून ओपनडिर, रीडडिर, क्लोजडिर ही फंक्शनं आली. लिनक्सवर आजही नावाची मर्यादा बहुतेक ठिकाणी २५५ बाइटच आहे. मराठीत ती ८५ चिन्हं होतात, आणि काना-मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात, हे ध्यानात ठेवा. बंदिशीचा अख्खा मुखडा फाईलच्या नावात लिहिणाऱ्यांना हा फटका बसतो. मला बसला.

ओपनडिरला पथ द्या, ते तुम्हाला एक डिरेक्टरी स्ट्रीम देतं. स्ट्रीम म्हणजे काही जादू नाही. आत एक फाईल डिस्क्रिप्टर असतो, एक बफर असतो आणि आपण कुठवर वाचलं त्याची खूण असते. लिनक्सवर एसट्रेस लावून बघितलंत तर दिसेल की खाली गेटडेंट्स६४ नावाचा सिस्टिम कॉल बऱ्याच नोंदी एकदम आणतो. सामान्यतः ३२ केबीचा बफर असतो. रीडडिर त्यातली एकेक नोंद आपल्याला वाढतं.

रीडडिर वापरताना नवीन माणूस तीन ठिकाणी पडतोच. एक, ते जे नाव देतं ते स्ट्रीमच्या मालकीचं असतं. पुढच्या रीडडिरनंतर तिथे दुसरं काही असू शकतं. नाव जपायचं तर कॉपी करून घ्या. दोन, यादी संपली तरी नल येतो आणि चूक झाली तरी नल येतो. फरक कळायला प्रत्येक कॉलआधी एररनो शून्य करायचा आणि नंतर बघायचा. तीन, ते फक्त नाव देतं, पथ देत नाही. कल्याण डिरेक्टरी वाचताना ‘यमन’ मिळालं आणि तुम्ही स्टॅटला नुसतं ‘यमन’ दिलंत, तर तो यमन प्रोग्रॅम जिथे चालू आहे तिथे शोधला जातो. अशी फाईलच नाही असं उत्तर येतं आणि माणूस तासभर डोकं खाजवतो.

या तिसऱ्या खड्ड्यावरचा उपाय म्हणजेच आजचा विषय. पथ जोडत बसण्याऐवजी स्ट्रीमच्या पोटातला डिस्क्रिप्टर मागून घ्यायचा. त्याचं फंक्शन डिरएफडी. तो नंबर एफस्टॅटॲट किंवा ओपनॲटला दिला की ‘या डिरेक्टरीतला यमन’ असं नेमकं सांगता येतं. मध्ये कुणी वरच्या डिरेक्टरीचं नाव बदललं तरी बिघडत नाही, कारण आपण पत्त्यावर नाही, उघडलेल्या डिरेक्टरीवरच बोट ठेवलेलं असतं. लिनक्समध्ये ओपनॲट २००६ साली आलं, आणि २००८ च्या पॉसिक्स मानकात या मंडळींना अधिकृत जागा मिळाली.

आता ओपनॲटसारखं ‘ओपनडिरॲट’ असेल असं वाटतं. नाही. तिथे दोन पायऱ्या आहेत. ओपनॲटने डिरेक्टरी उघडून नंबर घ्यायचा, मग तो एफडीओपनडिरला देऊन त्याचा स्ट्रीम करून घ्यायचा. हीच ती जागा, जिथे मी आपटलो.

डिस्क्रिप्टर म्हणजे काय ते आधी पक्कं करू. सायकल स्टँडवर सायकल ठेवली की बिल्ला मिळतो. सायकल स्टँडवाल्याच्या ताब्यात, आपल्या हातात फक्त नंबर. कर्नलचंही तसंच. ०, १ आणि २ हे बिल्ले आधीच दिलेले असतात. पुढे जे काही उघडाल त्याला सगळ्यात लहान मोकळा नंबर मिळतो. हा नियम नीट ऐका: सगळ्यात लहान मोकळा. म्हणजे तुम्ही ५ नंबर परत केलात की पुढच्या गिऱ्हाइकाला लगेच ५ च मिळणार.

माझा प्रोग्रॅम एका वेळी एक थाट घ्यायचा. जुन्या डिस्कवरचा कल्याण ३ नंबरवर, नव्या डिस्कवरचा कल्याण ४ वर. मग यमनची डिरेक्टरी ओपनॲटने उघडली, तिला ५ मिळाला. त्याचा एफडीओपनडिरने स्ट्रीम केला, सगळी नावं यादीत उतरवून घेतली आणि क्लोजडिर केलं. मग यमनची नोंदवही उघडली. मग नावं क्रमाने लावली, कारण रीडडिर ती अकारविल्हे देत नाही. (बाइटांप्रमाणे लावली तर ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, आपल्या वर्णमालेसारखा ह नंतर नाही. असो.) मग एकेक फाईल कॉपी: आधी नवी फाईल उघडायची, मग जुनी, आणि दर एक कोटी बाइटांनंतर नोंदवहीत एक ओळ, अमुक फाईल, इतकी झाली.

इथवर सगळं ठीक होतं. पण एका संध्याकाळी मी हिशेब तपासायला बसलो. फौजेत स्टोअरचा चार्ज घेताना जसं लेजर आणि माल ताडून बघतात, तसं मी प्रत्येक ओपनपुढे क्लोज आहे का ते बघत गेलो. यमनचा ओपनॲट दिसला, त्याचा क्लोज काही दिसेना. गळती सापडली म्हणून मी खूश! लगेच एक क्लोज टाकला, नावं क्रमाने लावण्याच्या खाली, जिथे त्या नंबरचं काम संपलंय असं दिसत होतं.

आता काय झालं ते मोजा. क्लोजडिर नुसता स्ट्रीम मिटवत नाही, आतला डिस्क्रिप्टरही बंद करतं. म्हणजे ५ तिथेच मोकळा झाला होता. नोंदवही उघडली, तिला ५ मिळाला. मग माझा नवा, शहाणा क्लोज आला आणि त्याने ५ बंद केला. पण आता ५ म्हणजे यमनची डिरेक्टरी नव्हती, नोंदवही होती. कर्नलने काही तक्रार केली नाही. नंबर उघडा होता, बंद करा म्हटलं, केला. पुढे कॉपी सुरू झाली. नवी फाईल उघडली, तिला मिळाला ५. आणि प्रोग्रॅमच्या लेखी नोंदवही अजून ५ नंबरवरच होती.

म्हणजे दर एक कोटी बाइटांनंतरची ती ओळ नोंदवहीत न जाता नानांच्या ध्वनिमुद्रणात जाऊन बसली.

चाचणी मी वह्यांच्या फोटोंवर घेतली होती. फोटो दोन-तीन एमबीचे, एक कोटीचा टप्पा येतच नाही, त्यामुळे ओळ लिहायची वेळच आली नाही. फोटो उत्तम उघडले. मग रात्रभर प्रोग्रॅम चालवला, सकाळी सगळं बिनतक्रार झालेलं. चहा घेता घेता हिला म्हटलं, ऐक, नव्या डिस्कवरचा यमन.

दोन मिनिटं झाली आणि एक खटका आला. मी म्हटलं, टेपचा असेल. थोड्या वेळाने पुन्हा. तिसऱ्या वेळी ही म्हणाली, “अहो, टेपचा असता तर असा मोजून आला नसता.” दुसरी फाईल लावली. तिच्यात तर सुमारे दोन मिनिटांनी प्रेशर कुकरची शिट्टी सुटल्यासारखा नुसता फुसफुसाट, पुढे तेवढाच वेळ गेल्यावर पुन्हा नाना स्वच्छ गाताहेत, मग पुन्हा फुसफुसाट.

घड्याळ लावलं. १ मिनिट ५३ सेकंद, दर वेळी. माझी ध्वनिमुद्रणं एका चॅनेलची, सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना २ बाइटांचा. म्हणजे सेकंदाला ८८,२०० बाइट. एक कोटीला त्याने भागा: ११३ सेकंद. आकडा कागदावर आला तेव्हा माझ्या हाताला घाम सुटला, कारण एक कोटी हा आकडा टेपचा नव्हता, माझा होता.

फुसफुसाटाचं कारणही तिथेच आहे. घुसलेल्या ओळीचे बाइट सम असतील तर नमुन्यांच्या जोड्या पुढे नीट लागतात, फक्त खटका ऐकू येतो. विषम असतील तर पुढची प्रत्येक जोडी एका बाइटाने सरकते, एका नमुन्याचा अर्धा भाग दुसऱ्याला चिकटतो आणि गाण्याचा गोंगाट होतो. पुढची ओळही विषम आली की दोन विषम मिळून सम, गाडी पुन्हा रुळावर. ओळीची लांबी फाईलच्या नावावर अवलंबून, म्हणून प्रत्येक रागाची तऱ्हा वेगळी.

जुनी डिस्क दुपारी पुसायची ठरली होती.

एसट्रेस लावल्यावर पाच मिनिटांत सगळं समोर आलं: क्लोज ५, ओपनॲट ५, क्लोज ५, ओपनॲट ५. शेवटी नोंदवही बंद करताना कर्नल ‘असा डिस्क्रिप्टरच नाही’ म्हणून सांगतही होता. मी क्लोजचं उत्तर कधी बघितलंच नव्हतं. नोंदवह्याही सगळ्या शून्य बाइटांच्या होत्या, त्याही बघितल्या नव्हत्या.

तर नियम असा. एफडीओपनडिर यशस्वी झालं की त्या नंबरचा चार्ज स्ट्रीमकडे गेला. त्यानंतर तुम्ही त्यावर रीड करायचं नाही, जागा हलवायची नाही, क्लोज करायचं नाही. क्लोजडिर एकदा केलं की दोन्ही संपलं. पण एफडीओपनडिर अयशस्वी झालं आणि नल आला, तर चार्ज तुमच्याकडेच आहे. तेव्हा क्लोज तुम्हीच करायचा. चार्ज सर्टिफिकेटवर सही होईपर्यंत जबाबदारी जुन्या माणसाची, हे फौजेतल्या कुणालाही सांगावं लागत नाही. डिरएफडीचं उलटं आहे: तो नंबर फक्त दाखवायला दिलेला असतो, त्याचा चार्ज कधीच तुमच्याकडे येत नाही. मी आता आणखी एक सवय लावून घेतली आहे. एफडीओपनडिर झालं की त्या व्हेरिएबलमध्ये लगेच उणे १ टाकतो. मग चुकून क्लोज झालाच तर कर्नल चूक दाखवतो, दुसऱ्याची सायकल जात नाही.

आणि यादी वाचून झाल्यावरही तो नंबर हवाच असेल तर? बरेच जण डुपने त्याची जोडी करून एक स्ट्रीमला देतात आणि एक स्वतःकडे ठेवतात. बंद करण्यापुरतं ते ठीक आहे, प्रत्येकाने आपला बंद करायचा. पण डुपचे दोन्ही नंबर वाचनाची एकच जागा वाटून घेतात. स्ट्रीमने यादी संपवली की तुमच्या नंबरचीही जागा शेवटी जाते. त्यावर पुन्हा स्ट्रीम केलात तर यादी रिकामी दिसेल, आणि डिरेक्टरीत काहीच नाही असं समजून तुम्ही पुढे जाल. त्यापेक्षा ओपनॲटला तोच नंबर आणि नाव म्हणून एक टिंब द्या. तीच डिरेक्टरी नव्याने उघडते, वाचनाची जागा वेगळी मिळते.

गळती शोधायला निघालो होतो ते चूक नव्हतं, तेही सांगतो. एका प्रोग्रॅमला एका वेळी किती डिस्क्रिप्टर मिळतील याला मर्यादा असते, बहुतेक लिनक्सवर सुरुवातीला १०२४. लूपमध्ये कंटिन्यू किंवा मधूनच रिटर्न करून क्लोजडिर चुकवलंत तर हजाराच्या आसपास डिरेक्टऱ्या झाल्यावर ओपनडिर नकार देतं. माझ्याकडे दीडशे राग, मला हे कळलंही नसतं.

तो एक क्लोज काढला, सगळी कॉपी पुन्हा केली, आणि या वेळी सीएमपीने दोन्ही डिस्कवरच्या फाईली बाइटाला बाइट ताडून पाहिल्या. सगळ्या जुळल्या. फक्त काफीत एक गोष्ट खटकली. यादीत ‘कऱ्हाड’ नावाच्या दोन डिरेक्टऱ्या दिसत होत्या, अगदी सारख्या. एकाच ठिकाणी एकाच नावाच्या दोन असूच शकत नाहीत, मग रीडडिर दोन कशा देतं? नावांची लांबी छापून बघितली: एक १८ बाइट, दुसरी २१. एक नाव मी कॉम्प्युटरवर टाइप केलं होतं, दुसरं फोनवर. एका कीबोर्डने आपला अर्धा र ‘ऱ’ हे वेगळं चिन्ह घेऊन केला होता, दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरून. डोळ्याला एकच, कर्नलला दोन. त्याला मराठी येत नाही, तो बाइट बघतो. दुसऱ्या डिरेक्टरीत कऱ्हाडच्या मैफलीची दुसरी बाजू निघाली. ती हरवली असं आम्ही वर्षभर धरून चाललो होतो.

दोन्ही आता एकत्र केल्या आहेत. जुनी डिस्क मी पुसली नाही. नातवाला नवी घेऊन दिली.